जे धरलंच नाही

शुगर मला बऱ्याच वर्षांपासून आहे. गेल्या हिवाळ्यात संत्र्याचा तोडा चालू असताना पांढुर्ण्याला नेहमीची रक्ततपासणी केली, तर लायपेज वाढलेलं निघालं. स्वादुपिंडातून येणारं, तेलतूप पचवणारं ते द्रव्य; दारू पिणाऱ्यांचंही ते वाढतं. रिपोर्ट देणाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "घेता का रोज?"

मी जन्मात दारूला शिवलो नाही. आमच्या बापाला दारूनेच नेलं. पण बोभाटा माझ्याआधी आमच्या गावाला, मोहगावला, पोचला आणि संध्याकाळी मोठे भाऊ दारात उभे.

"मंगळवारी जामसांवलीले चाल. मारुतीसमोर शपथ घे, दारू सोडली म्हणून."

"काय सोडू दादा? जे धरलंच नाही ते?"

"चोरून पेत असशील. कागद का खोटं बोलते?"

बायको आतून बाहेर आली. "इतकी वर्षं यायच्या तोंडाचा वास मले येऊन राहिला भाऊजी, तुमाले नाही."

भाऊ तणतणत गेले. शेजारी म्हणाले, एक नारळ फोडून मोकळे व्हा, वाद मिटंल. मी म्हटलं, मारुतीकडे जाईन तर हात जोडायला जाईन, गुन्हा कबूल करायला नाही.

नागपूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी आधी पोट दाबून पाहिलं. दुखतं का, उलट्या होतात का, विचारलं. तसलं काही नव्हतं. सोनोग्राफीत सूजही नाही, खडेही नाहीत. त्या म्हणाल्या, "शुगरवाल्यांमध्ये हे कधी कधी असं थोडं वाढलेलं राहतं. नुसत्या आकड्याला आजार म्हणत नाहीत. अन् त्यावरून कोणाला दारुडाही ठरवत नाहीत. पण पोटात जोराची कळ उठून पाठीत गेली, तर घरी थांबू नका."

मोहगावला परतलो तो सरळ भावाकडे. भावाच्या ओसरीवर गावातली माणसं बसलेली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, जोरात.

भाऊ म्हणाले, "मंग शपथ घेतली असती तं काय बिघडलं असतं?"

"बापाले आग देताना तुमच्याच बाजूले उभा राहून मी शपथ घेतली होती, कधी पेणार नाही म्हणून. आता सोडली म्हटलं असतं, तं ती खोटी पडली असती."

भावाने माफी मागितली नाही, नुसता चहा सांगितला. तो पिऊन मी निघालो.

यंदाही लायपेज थोडं वाढलेलंच आहे. कोणी विचारलं, तर चौकात उभा राहून सांगतो.