कुंडीतली जुनी माती

पॉलिहाऊसमधल्या एका जरबेराने आज भर दुपारी मान टाकली. उपटून पाहिलं, तर मुळं तपकिरी, नुसतं बोट लावलं तरी साल सुटत होती. शेजारच्या कुंड्या अजून हिरव्यागार आहेत. पण मूळकूज पानांना सगळ्यात शेवटी कळते.

मागच्या वेळी रोपं गेली, तेव्हा पाणी घालणाऱ्या सुशीलाबाईंना मी सर्वांसमोर म्हणालो, "जास्त पाणी तुम्हीच घातलंत." त्या काम सोडून गेल्या. खरं म्हणजे रोगट कुंड्यांतली माती मीच पुन्हा भरली होती. यंदाही तीच भरली. वरून बायोचार, म्हणजे शेतीचा कोळसा मिसळला. वाटलं, तो सांभाळून घेईल.

"दादा, माझं काही चुकलं का?" आता पाणी घालणाऱ्या मंदाने भीत भीत विचारलं.

"नाही गं. सुशीलाबाईंचंही नव्हतं. माती मीच रोगट भरली."

तिने नळी खाली ठेवली. "हे त्यांना सांगितलंत?"