ड्रमवर — टोनी

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांच्यासोबत दर रविवारी धरमपेठेतल्या टपरीवर चहा पितो त्या मित्रांजवळ तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या रस्त्यात भेटलात तरी ओळखणार नाही — म्हणून तुमच्याजवळ बोलतोय. यातही माझी सोयच आहे, हे मला कळतं.

आमच्या वयाच्या काही नागपूरकरांना टोनी आठवत असेल. सगळ्यांना नाही. गिटारवाला शेखर सगळ्यांना आठवतो, कारण त्याचे केस लांब होते आणि तो पुढे उभा राहायचा. ड्रमवाला मागे बसतो, दोन भोंग्यांच्या आड. त्याच्याकडे बघायला मान वाकडी करावी लागते. आम्ही सात-आठ जण ती करायचो. कॉलेजच्या गॅदरिंगला, सदर भागातल्या हॉलमध्ये, कुठेही बँडचा कार्यक्रम असला की आम्ही स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, जिथून टोनीचे हात दिसत, तिथेच उभे. बाकी पब्लिक शेखरसाठी शिट्ट्या मारायचं आणि आम्हाला त्यांची कीव यायची.

काय वाजवायचा! इंग्रजी रॉकचा धडाका संपतो न संपतो तोच कुणी कव्वालीची फर्माईश करायचं. ढोलकवाला नसायचाच. हा काठ्या मांडीखाली दाबायचा आणि त्याच ड्रमवर बोटांनी असा ठेका धरायचा, की मागच्या रांगेतले म्हातारे पुढे येऊन बसायचे. त्याच्या एका झांजेला तडा गेला होता. दुसऱ्यानं ती फेकली असती; हा मुद्दाम तड्याजवळ वाजवायचा आणि त्यातून एक खरखरीत आवाज काढायचा, तो आजही माझ्या कानात आहे. आणि गाणारा बेताल झाला, मधलं कडवंच विसरला, तर हा असं काही वाजवायचा की चूक झाकली जायची. ऐकणाऱ्याला कळायचं नाही. बरेचदा गाणाऱ्यालाही नाही. आम्हाला कळायचं, आणि आम्ही एकमेकांना कोपरं मारायचो.

मी त्या बँडमध्ये काहीच वाजवत नव्हतो. मला वाजवता येत नव्हतं. आवाज बरा होता, इंग्रजी आणि मराठी दोन्ही झोकात बोलायचो, म्हणून मी निवेदक; गाण्याचं नाव सांगून झालं की पुन्हा कोपऱ्यात, मित्रांजवळ. शेवटचं गाणं झालं की एकेका वादकाचं नाव पुकारायचं, त्यानं थोडंसं वाजवून दाखवायचं, टाळ्या घ्यायच्या — ही रीत सगळ्याच ऑर्केस्ट्रांची होती. ते नाव पुकारणं माझं काम. सगळ्या कार्यक्रमात माझ्या हातात खरी सत्ता असलेली तेवढीच दोन-तीन मिनिटं.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो आणि इकडेतिकडेच फिरतो, नाही का?

टोनी नावाचा कुणी माणूस नव्हता. ड्रम वाजवायचा तो वसंत गजभिये. वसंता. इंदोऱ्याकडचा, गिरणीत माग चालवणाऱ्या बापाचा मुलगा. लग्नसराईत बँडपार्टीत वाजवायचा, चौदा एप्रिलला वस्तीतल्या गाण्यांच्या सामन्यांत ढोलकीवर बसायचा, आणि आमच्या बँडमध्ये आला तो एका कॉलेजातल्या ओळखीनं. त्या काळात नागपुरात एक पक्की समजूत होती, की ड्रम वाजवावा गोव्याच्या माणसानं, नाहीतर रेल्वेतल्या अँग्लो-इंडियनानं. दुसऱ्याला तो येतच नाही. पहिल्याच कार्यक्रमानंतर कुणीतरी मला विचारलं, हा गोव्याचा का रे? मी म्हणालो, हो. टोनी. गोव्याचाच.

का म्हणालो? गंमत म्हणून — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. वसंताही ते ऐकून हसला होता. "चालते ना गा, टोनी त टोनी," म्हणाला होता. त्याच्या त्या हसण्याला मी आयुष्यभर साक्षीदार म्हणून उभं केलं. पण तो नवा होता, त्याला बँड हवा होता. न हसून करतो काय?

बँडमधल्यांनीही टोनीच चालवलं, वसंता लोकांपुढे फारसं बोलायचा नाही, आणि मी त्या टोनीला चढवतच गेलो. त्याचा मामा बोटीवर वाजवतो, हा मडगावहून मोठ्या बहिणीकडे आला आहे, घरी पियानो आहे. आमच्या कोपऱ्यातले मित्र तोंड उघडं टाकून ऐकायचे. त्यांना वादक आवडत होता, आणि त्या वादकाची गोष्ट माझ्याकडे होती. फुकटचा भाव कुणाला नको असतो?

आणि दुसरं एक होतं. सराव आमच्या घरी चालायचा, बाहेरच्या खोलीत. आई सगळ्यांना चहा द्यायची, कधी पोहे. टोनीला ती पांढऱ्या चिनीमातीच्या कपात चहा द्यायची. तो कप वेगळा ठेवलेला होता, ख्रिश्चन माणसासाठी. एवढं तिला चालत होतं, त्यात तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटायचं. गजभिये चालला असता का? चिनीमातीचा कपही निघाला नसता. हे मला माहीत होतं, वसंताला माहीत होतं, आणि वापरलेला कप तो स्वतः धुऊन पालथा घालून जायचा. मी बघायचो.

वसंताच्या वडिलांना त्याचं ड्रम वाजवणं अजिबात खपत नव्हतं. त्याचं कारण त्यानं मला एकदा सांगितलं. ते मूळचे सावनेरकडचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डफडं होतं — दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मयतीत, मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं. "ए डफडंवाल्या" एवढंच नाव. छप्पनला दीक्षा घेऊन ते गावी परत गेले, आणि घरचं डफडं त्यांनी अंगणात स्वतःच्या हातानं जाळलं. गाव सोडलं, गिरणीत लागले. आणि आता त्यांचा मुलगा पुन्हा कातडं बडवायला निघाला होता, तेही धरमपेठेतल्या पोरांसाठी. ते त्याच्याशी बोलेनासे झाले होते.

शहरातल्या मोठ्या सभागृहात आमचा तिकिटाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा वसंतानं वडिलांना कसंबसं राजी केलं. काय सांगून? तेच तर. तो त्यांना म्हणाला होता, "बाबा, तिथं तुमाले नाव नव्हतं. इथं आधी नाव पुकारतात, मंग वाजवतात."

कार्यक्रमाच्या आधी पडद्यामागे त्यानं माझा हात धरला. "अरुण, आज पुरं नाव घेजो गा. वसंत गजभिये. बाबा येऊन राहिले."

मी म्हणालो, घेतो ना, त्यात काय! आणि मला घ्यायचंही होतं. खरंच. हे सांगून काही मिळवायचं नाही, पण पडदा उघडेपर्यंत माझ्या तोंडात तेच नाव होतं.

त्या दिवशी त्यानं जसं वाजवलं तसं कधीच वाजवलं नव्हतं. आणि मग शेवट आला. मी एकेकाचं नाव घेत गेलो. बासरी. बाँगो. अकॉर्डियन. गिटारवर शेखर — त्याच्या शिट्ट्या. राहिला ड्रम. समोर पहिल्या रांगेत आई बसली होती, शेजारी काका-काकू, आमच्या आळीतली चार घरं. डाव्या कोपऱ्यात माझे मित्र, ज्यांना मी मडगावचा पियानो सांगितला होता. मी म्हणालो, "आणि ड्रमवर —"

आणि थांबलो.

तेवढ्या वेळात माणूस काय काय पाहतो! आईच्या डोळ्यांपुढे तो पांढरा कप येईल, हे मला दिसलं. मित्र माझ्याकडे वळून बघतील, हेही दिसलं. अगदी मागे, भिंतीला लागून, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक म्हातारा खुर्चीच्या टोकावर पुढे सरकून बसलेला दिसला. मी त्याला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी ओळखलं.

"— टोनी!" मी ओरडलो.

हॉल दणाणला. वसंतानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं वाजवलं. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, मी ऐकत नव्हतो.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. असता तर बरं झालं असतं. भित्रेपणा म्हणून खपून गेला असता. पण यापुढचं ऐका.

कार्यक्रमानंतर म्हातारा पडदा बाजूला करत आत आला. वसंता तिकडे ड्रम सोडवत होता. म्हातारा त्याच्याकडे न जाता माझ्याकडे आला. नावं पुकारणारा मी, म्हणून हिशेब विचारायचा तो मला, इतकं सरळ होतं त्याचं. हात जोडले आणि म्हणाला, "बाबू, साऱ्याईचे नाव ऐकले मी. माह्या पोराचं नाही ऐकलं. काहून नाही घेतलं जी?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर कदाचित मी खरं बोललो असतो. की नसतो?

मी म्हणालो, "घेतलं ना बाबा. पूर्ण नाव घेतलं. टाळ्या फार होत्या, तुम्हाला ऐकू आलं नसेल."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "अन्‌ थे टोनी टोनी काय होतं?"

"पोरं ओरडतात काहीही," मी म्हणालो.

मग त्यानं हळूच उजव्या कानाला हात लावला. "असंन," म्हणाला. "माग चालवू चालवू कान गेले माहे. तुमी घेतलं असंन त घेतलंच असंन." आणि हसला. जीव भांड्यात पडल्यासारखा हसला. वसंताजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. कैक महिन्यांनी तो मुलाशी बोलत होता, ते माझ्या खोटेपणावर.

दुसऱ्या दिवशी वसंता काठ्या न्यायला घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "बाबा साऱ्या वस्तीत सांगून राहिले का नाव पुकारलं म्हनून. मलेच ऐकू नाही आलं म्हनतात." मी दिलेल्या काठ्या त्यानं बगलेत धरल्या. "मी नाही सांगितलं त्याइले काही." मी माफी मागितली नाही. मी विचारलं, पुढच्या सरावाला येशील ना? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. गाणाऱ्यांच्या चुका तो झाकायचा, तशी त्यानं माझीही झाकली होती. पुन्हा तो आला नाही. नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागला, असं नंतर कळलं. ड्रम बसवायला दुसरा मुलगा आणला, बँड वर्षभरही टिकला नाही.

मित्रांना मी सांगितलं, टोनी गोव्याला परत गेला. ते हळहळले. अजून हळहळतात. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, बँकेत नि कचेऱ्यांत खर्डेघाशी करणारे आम्ही, रविवारी बसतो आणि टोनी सुरू होतो. मुंबईत असता तर कुठल्या कुठे गेला असता. नागपूरला त्याची किंमतच कळली नाही. असली वाक्यं मीसुद्धा बोलतो. एकाकडे त्या कार्यक्रमाची कॅसेट आहे. तो ती लावतो, आणि नावांची ती जागा आली की सगळे गप्प होतात. माझा आवाज येतो — "आणि ड्रमवर —" मग शांतता. मग टोनी. दर वेळी कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारतं: "काय पॉज घेतलास राव! पब्लिकला नुसतं टांगून ठेवलंस!"

ती शांतता किती स्वच्छ आहे म्हणून सांगू! एक टाळी नाही, एक शिट्टी नाही. कुणीही, कितीही कान गेलेला माणूस, त्यात नाव ऐकू शकला असता.

मागच्या उन्हाळ्यात म्हातारा वारल्याचं कळलं. मी इंदोऱ्याला गेलो. का गेलो ते मलाही नीट माहीत नाही. सांगायला गेलो होतो, असं म्हणायला आवडेल. वसंताचे केस पिकले होते. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. मी प्यायलो. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ कोण, कुठले, विचारू लागले. वसंता काही बोलायच्या आत मी माझं नाव सांगितलं. ते ऐकून ते उठून उभे राहिले आणि बाकीच्यांना म्हणाले, "हेच थे! त्या हॉलमंधी वसंताचं नाव पुकारनारे हेच. बुढा मरेपर्यंत सांगे."

माणसं माझ्याकडे वळली. दोघा-तिघांनी हात जोडले. वसंता जमिनीकडे बघत होता.

मीही हात जोडले.

म्हाताऱ्याला त्या दिवशी सगळं नीट ऐकू आलं होतं. त्याच्या मुलाचं नाव मी घेतलंच नव्हतं.