आधी मेंढीला

कुठलंही नवं औषध दिसलं की हौसामावशी आधी ते हुंगत, मग जिभेच्या टोकाला लावून बघत आणि शेवटी विचारत, "मेंढीला चालंल का?" वडगाव रासाईत आम्ही त्यांच्या खोलीत भाड्याने राहत होतो. कळपामागची भटकंती संपून त्यांच्या घरात शेती आली होती, तरी दारात दोन मेंढ्या होत्याच. माणसाचं औषध आधी मेंढीवर, हा घरचा रिवाज. "माणूस भिडंखातर बी बरं वाटलं म्हणतंय. मेंढरू कुणाची भीड धरत न्हाई," असं त्या म्हणत.

मी राजापूरकडची, आठवीत शाळा सुटलेली. रांजणगावला नव्या कंपन्या आल्या, त्यातल्या एकीत नवरा कामाला लागला. मुलगी दिवस भरण्याआधीच झाली, माहेरी जायचं राहिलं. त्यात माझ्या छातीला चिरा पडल्या. पाजताना जीव कळवळायचा, म्हणून मी टाळू लागले. पोर भुकेने रडायची आणि दूध आटत चाललं होतं. शेजारणी म्हणाल्या, बाटली आण.

एकदा मावशींना माझ्या ट्रंकेत पांढरट गोळा दिसला.

"साबण हाय व्हय?"

"कोकमतेल. रातांब्याच्या बियांचं. आई टाचांना, ओठांना लावते."

"झाड केवढं? पानं गळत्यात? फळाचं काय करता?"

मी सांगत गेले. झाड उंच, बारमाही हिरवं. फळाच्या सालींची आमसुलं करतात, अंगावर पित्त उठलं की त्यांचंच पाणी लावतात. मावशी मांडी ठोकून बसून ऐकत होत्या.

"मंग सोताला का लावत न्हाईस?"

"बाळाच्या तोंडात जाईल ना. काही झालं तर?"

मावशी उठल्या, नखाने तेल खरवडलं आणि व्यालेल्या मेंढीच्या भेगाळलेल्या सडांना चोळलं. "कोकरू पितंय. काय व्हायचं ते त्याला आधी व्हईल."

"आणि त्याला झालं तर?"

"तुझ्या आईला शिव्या घालीन!"

मग कोकराच्या लेंड्यासुद्धा त्या निरखत राहिल्या. एका सकाळी दारातूनच ओरडल्या, "उड्या मारतंय मेलं! लाव आता."

मी भीतभीतच लावलं. हळूहळू चिरा मिटल्या, दूध पुन्हा आलं. पहिल्यांदा न कळवळता पाजलं तेव्हा मावशी समोर होत्या. मुलीचे घोट ऐकू येत होते. मी लेकीला सावरत त्यांच्या पायाला हात लावायला वाकले, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच.

"आन् खोडाच्या सालीचं काय करत्यात गं?"

"माहीत नाही, मावशी."

"मंग इचार की! आई हाय नव्हं तुझी अजून? माझी गेली, तवा निम्मं रान तिच्यासंगं गेलं. कुठला पाला कशाला, इचारायचंच ऱ्हायलं."

मी लेकीला दुसऱ्या बाजूला घेतलं. तीही बाजू आता दुखत नव्हती.