ड्रिलमधलं ग्रीस कुठे गेलं

गिअरबॉक्स उघडला, तर आत ग्रीसच नाही. दाते कोरडे ठणठणीत, त्यातले दोन पार झिजलेले.

नांदेडच्या आमच्या सर्व्हिस सेंटरला लातूरच्या उमाकांतशेठच्या दुकानातून आलेलं हे दुसरं कॉर्डलेस ड्रिल. कॉर्डलेस म्हणजे वायर नसलेलं, बॅटरीवर चालणारं. आत मोटर, पुढे गिअरबॉक्स आणि तोंडाशी चक. चक म्हणजे ड्रिलचा जबडा, त्यात बिट, म्हणजे भोक पाडायची सळई, पकडतात. गिअरबॉक्समध्ये कंपनी ग्रीस भरून देते आणि ते वर्षानुवर्षं आतच राहतं. ते काही उडून जात नाही. पण इथे दोन्ही ड्रिलमधलं गायब होतं. शिवाय ड्रिलला आंबूस वास येत होता. मी तो वापरणाऱ्या कुणा सुताराच्या घामाचा धरला.

पुण्याच्या मॅनेजरना फोन लावला.

“रिप्लेसमेंट देऊ नका,” ते म्हणाले. “आणि डीलर सोडू नका.”

“दोन्ही कसं जमायचं, सर?”

“म्हणून तर तुम्हाला फील्डवर ठेवलंय.”

उमाकांतशेठ म्हणजे आमचा सगळ्यात मोठा डीलर. तो गेला असता तर माझं टार्गेट गेलं असतं, आणि टार्गेटच्या मागोमाग मी. शेठचा आवाज फोनवर आधीच चढलेला होता.

“साहेब, तुमच्या मशीनमधी दम न्हाई. दोन बसल्या. आता चुलतभावाला तिसरी देऊन राहिलो. ती बी बसली, तर तुमचा समदा माल काउंटरवरून खाली.”

“भाऊ काम काय करतात तिच्यावर?”

“नुसतं फिरवायचं काम हाय. लोखंड-बिखंड काही न्हाई. तुम्ही या की रविवारी, डोळ्यानं बघा. पोरीचा साखरपुडा हाय, जेवूनच जावा.”

गेलो. कार्यालयात पंगत बसलेली होती. शेठनी हाताला धरून मला मुलाच्या वडिलांसमोर, म्हणजे त्यांच्या होणाऱ्या व्याह्यांसमोर बसवलं. पुरी, वांग्याची भाजी, जिलेबी आणि मठ्ठा. खरं सांगतो, असा मठ्ठा मी बऱ्याच दिवसांत प्यायलो नव्हतो. दुसरा ग्लास मागून घेतला. व्याही तर वाढप्याला जागचं हलूच देत नव्हते.

हात धुताना मी विचारलं, “शेठ, मशीन कुठंय?”

“चला, दावतो.”

शेठ मला कार्यालयाच्या मागे घेऊन गेले. तिथे त्यांचे चुलतभाऊ, शिवाप्पा आचारी, भल्यामोठ्या पातेल्यावर वाकून उभे होते. दोन्ही हातांत आमचं ड्रिल, तोंड खाली, फुल स्पीडवर. चकमध्ये बिटच्या जागी लाकडी रवी.

“बघा साहेब,” शेठ म्हणाले. “लोखंड न्हाई, लाकूड न्हाई. दह्यात बी जी मशीन टिकंना, ती भिंतीत काय टिकंल?”

मी ड्रिलला हात लावला. गिअरबॉक्स चटका बसेल इतका तापलेला. ग्रीस तापलं की पातळ होतं, आणि पातळ झालेलं काहीही खाली येतं. चकच्या तोंडाशी एक तपकिरी थेंब जमला, लोंबला आणि पांढऱ्या फेसात, कोथिंबिरीच्या शेजारी पडला.

ग्रीस कुठे गेलं ते मला कळलं. मग मला माझे दोन ग्लास आठवले.

शेठना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“तुम्ही किती घेतला?” त्यांनी हळूच विचारलं.

“दोन ग्लास.”

“मी चार.” शेठ खुर्चीत बसले. “पाव्हण्याला कळू देऊ नका साहेब. माझ्या पोरीचा सवाल हाय.”

इतक्यात आतून निरोप आला, मुलाकडची दुसरी पंगत बसली, मठ्ठा पाठवा. मुलीच्या बापाने मठ्ठा संपला म्हणायचं म्हणजे लग्नाआधीच नाक कापून घ्यायचं. पातेलं गटारीत रिकामं केलं. नशिबानं दही उरलं होतं. शिवाप्पांनी जुनी दोरीची रवी शोधून काढली आणि माझ्याकडे पाहिलं. दोरीच्या एका टोकाला शेठ, दुसऱ्या टोकाला कंपनीचा टी-शर्ट घातलेला मी. दंड भरून आले. त्या दिवशी मला मोटरची दया आली.

नवा मठ्ठा आत गेला. व्याही हात न धुता अजून वाढप्याशी बोलतच उभे होते. त्यांनी ग्लास तोंडाला लावला. शेठ माझ्या शेजारी त्या ग्लासाकडे बघत उभे.

“चांगलाय,” व्याही म्हणाले. “पण मघाच्याची चव न्हाई याला.”

“तो खास तुमच्यासाठी केलता, पाव्हणे,” शेठ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

पोट कुणाचंच बिघडलं नाही. लग्न ठरल्या तिथीला लागलं. शेठनी दोन्ही क्लेम मागे घेतले, माल काउंटरवरच राहिला. मॅनेजरनी कारण विचारलं, तेव्हा मी ‘चुकीच्या पोझिशनमध्ये वापर’ असं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

आमची ड्रिल दणकट आहेत, असं मी आजही गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगतो. फक्त तक्रारीचं ड्रिल टेबलावर आलं की उघडण्याआधी हुंगून बघतो. आणि लातूरला कुणाच्या कार्यात जेवायला बसलो, तर मठ्ठ्याचा ग्लास उचलण्याआधी एकदा मागे जाऊन येतो.