हळदीला बेंजो हवाच

बेंजो म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांची मला मनापासून कीव येते, पण सांगतो. हातभर लांब पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. मागे ढोल-ताशा असला की लालबागमध्ये तिरडीवरचा माणूससुद्धा एक पाय हलवून घेतो. मी हे वाद्य उमेदीची सगळी वर्षं वाजवलं. दिवसा गोदीजवळच्या कंपनीत कारकून, संध्याकाळी चाळीच्या चौकातला राजा.

माझे वडील गिरणीत होते आणि शनिवारच्या भजनात पखवाज वाजवायचे. त्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं. मी क्लास बुडवून बेंजो शिकलो. पहिल्यांदा घरी वाजवला तेव्हा ते जेवत होते. त्यांचा हात थांबला.

"ह्यां काय?"

"बेंजो."

"माका वाटलां, टायपिंगची परीक्षा आसा."

पुढे आमची बेंजो पार्टी चाळीखाली वाजवू लागली की ते उठून खिडकी लावून घ्यायचे, ऐन मे महिन्यातसुद्धा. मला त्याचा भयंकर आनंद व्हायचा. खिडकी लागली की मी ॲम्प्लिफायरचा कान पिळायचो. आता वाटतं, ते दिवस सोन्याचे होते. माझं वाजवणं सहन होत नाही म्हणून उकाड्यात खिडकी लावणारा माणूस घरात होता. एवढा कान देऊन नंतर मला कोणी ऐकलं नाही.

आमच्या पार्टीत आम्ही चौघं. मी, ढोलवाला, ताशावाला आणि खुळखुळेवाला. पार्टीचा एकच कायदा होता: आपल्यातल्या कोणाच्याही घरी हळद असली की पार्टीने वाजवायचं, आणि जेवणाशिवाय काही घ्यायचं नाही. चौघांच्याही हळदी अशाच वाजल्या. ज्याची हळद असायची तो पिवळ्याधमक अंगाने पाटावर बसून आमच्या चुका काढायचा. मग नोकऱ्या, मुलंबाळं, गुडघे. पार्टी मोडली नाही, फक्त वाजवायची थांबली. मागच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिघांना एकेक करून फोन केले. पार्टीतल्या घरची पुढच्या पिढीची ही पहिली हळद. तिच्या हळदीला आपण वाजवायचं, एवढी एकच गोष्ट मला त्या लग्नात हवी होती. बाकी मेनूपासून मंडपापर्यंत सगळं बायकोने आणि मुलीने बघावं, मी मान हलवायला मोकळा.

मुलीला सांगितलं. ती मोबाइलमधून वर न बघता म्हणाली, "भारीच की पप्पा. बेंजो पाहिजेच."

"मग डीजे कशाला?"

"डीजे एंट्रीला. मग फोटो. मग तुम्ही."

मला ते 'मग तुम्ही' फार आवडलं. नाटकात मुख्य नट उशिरा येतो.

आम्ही दोन रविवार आमच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये तालीम केली. जुन्या चाळीच्या जागी उभा राहिलेला हा टॉवर. खाली गाड्या, गाड्यांच्या मध्ये आम्ही. ताशावाला रे रोडच्या लाकडाच्या वखारीतून थेट यायचा, केसांत भुसा घेऊन. ढोलवाल्याला शुगर, म्हणून दर दोन गाण्यांनंतर तो बिस्किट खायचा.

"तू वाजवायला येतोस की चहाला?" ताशावाला विचारायचा.

"तू आधी ताल पकड, मग मला पकड."

पहिल्या रविवारी आम्ही अगदीच बेकार वाजवलं. दुसऱ्या रविवारी, खोटं कशाला सांगू, वॉचमन स्टूल घेऊन येऊन बसला.

हळद टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत होती. झेंडूच्या फुलांची भिंत, पिवळी छत्री, पिवळे झब्बे. वाद्यं फोटोत येऊ नयेत म्हणून आम्हाला त्या भिंतीच्या मागे, लिफ्टजवळ बसवलं. एंट्री झाली. फोटो झाले. फोटो पुन्हा झाले, कारण नवऱ्याकडची आत्या उशिरा आली. मी पेटीवरचं कापड काढलं, तारा लावल्या आणि डीजेकडे गेलो. कानाला हेडफोन लावलेला, माझ्या मुलीच्याच वयाचा पोरगा.

"आम्ही तयार आहोत."

"दोन मिनिटं काका."

दोन मिनिटांनी त्याने लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि त्या दोन कपाटांएवढ्या स्पीकरमधून बेंजो वाजला.

अस्सल बेंजो. मागे ढोल, ताशा, अगदी खुळखुळासुद्धा. आणि पोडियम उसळलं. पोरं, पोरी, माझी बायको, उशिरा आलेली आत्या, सगळी नाचायला लागली. भिंतीमागे आम्ही चौघं वाद्यं मांडीवर घेऊन बसलो होतो.

ढोलवाला थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "मस्त वाजवलाय रे."

"कोणी?" ताशावाल्याने विचारलं.



मी पुन्हा डीजेकडे गेलो. "हे बंद कर. हेच आम्ही वाजवतो."

"आता बंद केलं तर पब्लिक मला मारेल, काका." पोरगा अतिशय नम्र होता. "बेंजोशिवाय हळद होते का? मी सगळीकडे हाच लावतो."

आजकालच्या मुलांना आपलं संगीत आवडत नाही, हे रडगाणं मी पार्कातल्या बाकांवर किती ऐकलंय. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांना ते आवडतं. जसंच्या तसं आवडतं. त्यांना त्यासाठी आमची गरज नाही, इतकंच. आवड बदलली असती तर मी भांडलो असतो. भांडायला मी वडिलांकडून शिकलोय.

तेवढ्यात मुलगी आली. कपाळापासून कोपरांपर्यंत हळद. तिने माझा हात धरला. "पप्पा, कुठे लपलात? खास तुमच्यासाठी लावायला सांगितलाय बेंजो. खूश ना?"

तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला हवी असलेली एकमेव गोष्ट तिने मला दिली होती, असं तिला खरंच वाटत होतं.

"खूश," मी म्हणालो.

आणि मी नाचलो. उत्तम नाचलो. कमरेवर हात ठेवून, मान उडवत, गुडघ्यांची पर्वा न करता. व्हिडिओ आहे, सगळ्या नातेवाइकांकडे आहे. त्यात मागे झेंडूच्या भिंतीच्या कडेला तिघं उभे दिसतात आणि पाहुण्यांसारख्या टाळ्या वाजवतात.

नंतर मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा वाद्यांवर कापड चढलं होतं.

"जेवून जा हं," मी म्हणालो.

"हो, जेवूनच," खुळखुळेवाला म्हणाला. हे असं आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नव्हतो.

गेल्या महिन्यात ढोलवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याचा फोन आला. तारीख सांगितली, हॉल सांगितला, सहकुटुंब या म्हणाला.

"आणि हळद?"

"आदल्या दिवशी, गच्चीवर."

"पेटी आणू?"

"कशाला उगाच ओझं आणतोस," तो म्हणाला. "ये आणि मस्त नाच."