सुंदराबाईंनी न केलेलं ॲफिडेव्हिट

सुंदराबाई ओव्हाळ कसब्यातल्या एका प्रसूतिगृहात बत्तीस वर्षं परिचारिका होत्या. बाळ किती वाजता जन्मलं, हे त्या सांगतील तसंच नोंदवहीत चढायचं. कुणी कधी पुरावा मागितला नाही. आणि आता आधार कार्डावर 'सुंदराबाई' अन् शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'सुंदरा', एवढ्यावरून त्यांचा पासपोर्ट अडला होता. विहारातल्या बायकांबरोबर त्यांना श्रीलंकेला जायचं होतं.

दोन्ही नावं माझीच, असं ॲफिडेव्हिट त्यांनी करून दिलं. त्यात गावाचं नाव चुकलं, म्हणून दुसरं केलं. ते पाहून पासपोर्ट कचेरीच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "दोन्ही सह्या जुळत नाहीत. सही तुमचीच आहे, असं आणखी एक आणा."

"आणि त्याच्यावरची सही माझी, हे कशावरून ठरवणार?"

"नियम आहे, मावशी."

त्या तणतणतच घरी आल्या. नात सोनाली वकिली शिकत होती. "ह्या मेल्या शब्दाचा अर्थ तरी काय गं?" त्यांनी विचारलं.

"लॅटिन आहे, आजी. 'तिनं शपथेवर सांगितलंय', एवढाच. त्याच्या मुळाशी 'फिडेस' आहे. म्हणजे विश्वास."

"विश्वास?" सुंदराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मग मी दोनदा सांगितलं, ते काय वाऱ्याला?"

दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या हातानंच खिडकीशी गेल्या आणि कारकुनाला तो अर्थ सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"लॅटिन माझ्या टेबलाकडे येत नाही," तो म्हणाला.

"मग ज्यांच्याकडे येतं त्यांना भेटते," म्हणून त्या बाकावर बसल्या. दीड वाजता दीपाली रणपिसे नावाच्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "माझ्यासमोर दोनदा सही करा."

दोन्ही सह्या एकमेकींसारख्या नव्हत्या. "दोन वर्षं झाली, हात थरथरतो," सुंदराबाई ओशाळून म्हणाल्या.

सह्या आपल्यासमोर झाल्या, असा शेरा बाईंनी अर्जावर मारला आणि कारकुनाला म्हणाल्या, "हे तुम्हालाही विचारता आलं असतं."

पासपोर्ट आला तोवर विहारातल्या बायका जाऊन परतल्याही होत्या. सुंदराबाई फेब्रुवारीत नागपूरच्या मंडळींबरोबर गेल्या. अनुराधपुरात बोधिवृक्षापाशी बसल्यावरही पहिली दहा मिनिटं त्या शेजारच्या बाईंना कारकुनाबद्दलच सांगत होत्या.