बुर्माकान एजेंचा पाच पायांचा घोडा

पाच पायांच्या घोड्याला चित्रकलेच्या बाई बुर्माकान एजेंनी पाचपैकी पाच गुण दिले, आणि त्या दिवसापासून नुरझातच्या जिवाला घोर लागला.

चित्र आठवीतल्या बेकतेमीरचं. म्हणजे त्याने काढलेलं नव्हे, काढून घेतलेलं. 'डोंगरात पळणारा पांढरा घोडा' एवढंच त्याने शाळेच्या संगणकावर एआयला सांगितलं. मशीनने घोडा दिला, डोंगर दिला, वर एक पाय फुकटात दिला. नुरझातची मुलगी कान्यशाय त्याच वर्गात. घरी येऊन तिने दप्तर आपटलं.

"आई, मी तीन दिवस घासून घोडा काढला, मला चार. तो एक ओळ बोलला, त्याला पाच!"

"तुला चार का गं?"

"चित्र फिकं आहे म्हणे. पेन्सिल दाबून काढत जा म्हणाल्या."

"आणि त्या घोड्याला खरंच पाच पाय?"

"मोजून पाच! सगळा वर्ग पोट धरून हसत होता. एजेंना वाटलं, बेकतेमीरला पहिल्यांदाच चांगले गुण पडले म्हणून आम्ही खूश आहोत. त्यांनी डबा उघडून सगळ्यांना तळलेले बोरसोक वाटले."

कान्यशायला राग होता तिच्या चार गुणांचा. नुरझातला भीती होती त्या पाचव्या पायाची.

कारण बुर्माकान एजे म्हणजे कोण, हे कोचकोर गावात नुरझातइतकं कुणाला ठाऊक असणार? सहावीपासून ती त्यांच्या हाताखाली शिकली. एजे दारात उभ्या राहून शेवटच्या बाकावरच्या कागदातली चूक काढायच्या. "नुरझात, तुझ्या घोड्याच्या कानात कोण ओरडलं? इतके ताठ का झालेत?" त्यांचा स्वतःचा मुलगा मिरलान नुरझातच्या मागच्या बाकावर बसायचा. त्याला तर घरीही सुटका नव्हती. बिचाऱ्याने एकदा मेंढी काढली, तर एजे सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "मिरलान, ही मेंढी आहे की आपला सोफा? बसू का हिच्यावर?"

जुमगालच्या बाजूने त्या इथे सून म्हणून आल्या. नवरा दुधाची गाडी चालवायचा. राजधानी बिश्केकला फ्रुंझे म्हणत त्या काळात एजे तिथे दोन वर्षं चित्रकला शिकून आल्या होत्या, म्हणून शाळेने त्यांना भिंतीवर अंतराळवीर काढायला बोलावलं. तो अजून आहे. त्याचा डावा गाल जरा सुजलेला दिसतो, कारण त्या दिवसांत एजेंची दाढ दुखत होती, असं त्या स्वतःच सांगतात. भिंत रंगवायला आल्या त्या चाळीस वर्षं राहिल्या. खडू मिळेनात त्या वर्षी त्यांनी चुलीतल्या कोळशाने शिकवलं. घोड्याचा पाय शिकवायचा तर वर्ग उचलून पाणवठ्यावर न्यायच्या आणि प्रत्येकाला घोड्याच्या गुडघ्याला हात लावायला लावायच्या. एकदा एका घोड्याने निरीक्षकाला लाथ मारली. एजेंनी अहवालात लिहिलं, 'पाठ परिणामकारक झाला.'

म्हणूनच या हिवाळ्यात शाळेत नवे संगणक आले, आणि चित्रकलेचा एक तास तिकडेच घ्यायचा असं मुख्याध्यापकांनी ठरवलं, तेव्हा सगळं गाव स्फोटाची वाट बघत बसलं. स्फोट झालाच नाही. एजे गेल्या, खुर्ची ओढून मोठ्या पडद्याच्या अगदी जवळ बसल्या, आणि भाळल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच मशीनला हुकूम सोडत होत्या. "यर्टा काढ. आमची, गोल तंबूसारखी, कातडी पट्ट्यांनी बांधलेली. अरे, हिला खिडकी कुणी दिली? आणि हे धुराडं? वर गच्ची पण! मुलांनो, बघा, यर्टा नाही, शहरातला जावई आलाय."

पुरुषांची पांढरी लोकरी नमद्याची टोपी मागितली तर मशीनने लग्नाचा तीन मजली केक आणून दिला. पोरं हसून लोळायची, एजे सगळ्यांत जास्त. बाजारात बायका म्हणू लागल्या, "म्हातारी मशीनच्या नादाला लागली." कुणी म्हणे, "वय झालं, आता काय, गुण वाटतेय." नुरझात औषधांच्या दुकानात काम करते. तिच्या काउंटरसमोर उभं राहून लोक सगळं बोलतात. ती गोळ्या मोजत ऐकायची आणि मनातल्या मनात पाय मोजायची. एजेंची बुद्धी तर हलली नाही ना?

नौरुझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, प्रदर्शनासाठी आठवीचा शिरदाक, नक्षीचा गालिचा, व्हायचा होता. त्यासाठी लागणारे दोन नमदे, एक गडद लाल आणि एक तपकिरी, नुरझातने आणि तिच्या सासूने शरद ऋतूत थापले होते. लोकर पिंजली, गरम पाणी ओतलं, वेताच्या चटईत गुंडाळून अंगणभर लाथांनी लोळवली. ते नमदे पोचवायचं निमित्त करून नुरझात कान्यशायच्या तासाला जाऊन बसली. एजेंना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं तिला.

"ये गं, पोरी," एजे म्हणाल्या. हातात नमदे घेतले, बोटांत चिमटून पाहिले. "सासूने थापलाय हा. तुझा हात इतका सारखा नाही."

नुरझातला बरं वाटलं. बुद्धी तर ठिकाणावर होती.

नक्षी पोरांनी मशीनकडून काढून आणली होती. मेंढ्याची शिंगं, शिंगांतून शिंगं, कडेला लाटा, इतकी देखणी की कान्यशायसुद्धा गप्प झाली. एजेंनी कागद खिडकीशी धरला, नाकाला टेकेपर्यंत जवळ नेला, आणि म्हणाल्या, "वा!" मग सुरी बेकतेमीरच्या हातात दिली.

नुरझात दचकली. पहिला छेद आजवर एजेंशिवाय कुणी घेतला नव्हता. दोन नमदे एकावर एक ठेवून एकाच सुरीने कापायचे असतात. लालमधून निघालेलं शिंग तपकिरीच्या भोकात बसतं, तपकिरीतलं लालच्या भोकात. एकाच कापण्यात दोन शिरदाक होतात आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. म्हणून तर सुरी चुकली की दोन्ही नमदे गेले.

बेकतेमीरने नक्षी खडूने वरच्या नमद्यावर उतरवली आणि रेघ धरून मनापासून कापलं. कान्यशायने शिंग उचललं, तर त्याचे तीन तुकडे झाले. दुसरं उचललं, ते दुसऱ्या नमद्याच्या कुठल्याच भोकात बसेना. एक लाट तर वळत वळत स्वतःच्याच पोटात शिरली होती. वर्गात चिडीचूप. नुरझातच्या डोळ्यांसमोर सासूचा चेहरा आला.

"काय झालं?" एजेंनी विचारलं. "कोण मेलं?"

एजे वाकल्या, दोन्ही तळवे नमद्यावर ठेवले आणि बोटं कापलेल्या कडेवरून फिरवू लागल्या. फिरवता फिरवता थांबल्या, मागे आल्या, पुन्हा थांबल्या.

"हे शिंग सुरू कुठे होतं? आणि याचा जोडीदार कुठाय?" त्यांनी मान वर केली. "अरे देवा! या तुमच्या मशीनने जन्मात कधी सुरी धरलेली नाही!"

आधी त्या स्वतः हसल्या, मग वर्ग सुटला. बेकतेमीर मात्र रडवेला झाला होता. "एजे, मी रेघेवरच कापलं हो."

"तू बरोबरच कापलंस, गाढवा. रेघच खोटी होती. दिसायला छान आणि कापायला खोटी. आता कापता येईल अशी कोण काढतो?"

कान्यशाय उठली. तिने कागद चार घड्यांत दुमडला आणि कात्री चालवली. बेकतेमीर तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला, "वरची शिंगं मशीनसारखी आडवी जाऊ दे ना, तेवढी भारी होती."

"आडवी गेली तर तुटतील."

"मग बारीक नको, जाड कर."

"तूच कर की मग!"

"मला येत नाही, म्हणून तर तुला सांगतोय."

भांडत भांडत दोघांनी नक्षी जमवली. उरलेल्या नमद्यात एक छोटा शिरदाक बसणार होता. नुरझात बघत राहिली. गेल्या वर्षीपर्यंत हा मुलगा चित्रकलेच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा. आता मुलीच्या कात्रीवर नजर ठेवून शिंगाच्या जाडीवरून वाद घालत होता. मशीनला शिव्या द्याव्यात की नको, हे तिला ठरवता येईना.

पण दुसरी एक गोष्ट तिच्या मनात आता पक्की होत आली होती. मुलं गेल्यावर तिने दार लोटून घेतलं.

"एजे, वरचा नमदा कुठल्या रंगाचा होता?"

"माझी परीक्षा घेतेस?"

"रंग सांगा."

"लाल."

"तपकिरी होता, एजे."

एजे टेबलाकडे वळल्या. किटलीतून चहा ओतला. ओतताना पियाल्याच्या आत बोटाचं टोक धरलं होतं, चहा बोटाला लागल्यावर थांबल्या.

"मोतीबिंदू," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे. दोन वर्षं झाली. तुझ्या दुकानात यायची नाही मी, बाजाराच्या टोकाच्या दुकानातून थेंब आणते. तुझं तोंड आकाशवाणी आहे."

"माझं? मी कुणाला काही सांगते का?"

"मिरलानला सांगशील."

"आणि त्या घोड्याला पाच पाय होते, एजे."

"हो?" एजे चमकल्या, मग खुदकन हसल्या. "मेला, लबाड. मला वाटलं, शेपूट असेल." चहाचा घोट घेतला. "ऐक. दोन वर्षं पोरं माझ्यासमोर पांढरे कागद धरतायत आणि मी 'छान, छान' म्हणतेय. काही दिसत नाही त्यावर. पेन्सिल तर अजिबात नाही. 'दाबून काढ' म्हणते, सगळ्यांना तेच सांगते. आणि त्या दिवशी मोठ्या पडद्यावर, मागून उजेड येत होता ना, त्यात घोडा आला. धुक्यातून आल्यासारखा, पण आला. दोन वर्षांत माझ्यापर्यंत पोचलेलं पहिलं चित्र ते. पाय कशाला मोजू? मी पाच गुण दिले. दहा असते तर दहा दिले असते."

नुरझातला हसावं की रडावं कळेना. कान्यशायचे चार गुण तिच्या मनातून केव्हाच गेले. पण तीन दिवस घासून काढलेला तो घोडा एजेंना कधी दिसलाच नव्हता, हे मात्र मनात रुतलं.

"एजे, शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची असते. बिश्केकला रोज करतात. तुम्ही थांबलात तर तो पिकत जातो, मग डॉक्टरांनाही जड जातं."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? मिरलान येणार, गाडीत घालून नेणार. बिश्केकला नवव्या मजल्यावर घर आहे त्याचं. सुनेने माझ्यासाठी पलंगसुद्धा घेऊन ठेवलाय, फुलाफुलांचा. तिथे गेलेलं म्हातारं माणूस परत आलेलं पाहिलंस? आणि इकडे माझे तास लगेच संगणकवाल्या पोराला देतील. म्हणतील, चित्रं मशीन काढतंच, बाई कशाला हवी. शिरदाकचं काय झालं ते आज पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग नौरुझनंतर बघू."

"कुठल्या नौरुझनंतर? गेल्या वर्षी पण हेच म्हणाला असाल."

एजेंनी पियाला ठेवला. "मिरलानला फोन केलास तर माझ्याशी बोलायचं नाही. जन्मभर."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत नुरझातने दुकानाचं दार आतून लावलं आणि काउंटरवर कोपरं टेकून बसली. डबा उघडलाच नाही. एजे रागावल्या की महिनोन्महिने रागावतात, हे तिला माहीत होतं. समोरून आल्या तर रस्ता ओलांडून जातील. कान्यशायसमोर म्हणतील, तुझी आई चहाडखोर आहे. आणि मिरलानने खरंच परत पाठवलं नाही तर? तर आठवीला कोण सांगणार, ही रेघ दिसायला छान आणि कापायला खोटी?

पण फोन केला नाही, तर पुढच्या वर्षी पडद्यावरचंही दिसेनासं होईल. मग एजे खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसतील, पोरं हसतील म्हणून त्याही हसतील, आणि कशावर हसलो ते त्यांना कळणारच नाही.

तिने एका कागदावर अटी लिहून काढल्या. मिरलानने आपल्या घरी बायकोला काही बोलायचं नाही, फक्त गाडी पाठवायची. बरोबर ती स्वतः जाणार, दुकानातून रजा घेऊन. डॉक्टरांनी सोडलं की त्याच दिवशी ती एजेंना घेऊन कोचकोरला परतणार. थेंब घालायला रोज ती येईल, दिवसातून चार वेळा. नवव्या मजल्यावर एक रात्रदेखील नाही. आणि तेवढे दिवस आठवीचा तास ती घेईल, मुख्याध्यापकांना काय वाटायचं ते वाटो. कापता तर तिला येतंच.

अटी तिने दोनदा वाचल्या. मिरलान अर्ध्या कबूल करेल, अर्ध्यांवर ओरडेल. ओरडू दे. एजे बोलायच्या थांबतील, हेही तिने गृहीत धरलं. एजे रस्ता ओलांडून पलीकडून गेल्या तरी चालेल. पण पलीकडून कोण चाललंय ते त्यांना दिसलं पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

तिने चष्मा पुसला, फोनमध्ये शाळेच्या वर्गमित्रांची यादी काढली, आणि मिरलानच्या नावावर बोट दाबलं.